आमचे सहा पांडव

आमच्या शेतातल्या कोपीत सहा पांडव बसतात. दर येळवशीला एखादा नवा पाहुणा येतो, दगड मोजतो, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच सांगतो की बाई, एक जास्त झालाय. जणू मी इतकी वर्षं पोरांना गणित शिकवते ते उगीच! मी म्हणते, मोजून झालं असेल तर आधी अंबील घ्या. पोटात थंडगार अंबील गेली की माणूस ऐकायच्या लायकीचा होतो.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ऐन थंडीत, संक्रांतीच्या आगेमागे येते. आमच्या गंगाखेडच्या बाजूला त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे आपापल्या शेतात. कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून शेंडे एकत्र बांधले की झाली कोप. तिचं तोंड उगवतीला. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, तेच पांडव. त्यांच्यापुढं ज्वारीच्या पिठाची ताकातली अंबील, बाजरीचे उंडे, आणि शेंगा, पालेभाज्या नि बेसन एकत्र घोटून केलेली भज्जी. वाटेनं कुणीही जात असो, हाक मारायची आणि जेवायला बसवायचं. परभणीत माझ्या शाळेत मानवतच्या एक बाई आहेत, त्यांच्याकडं हा सणच नाही. एकाच जिल्ह्यात राहून! दर वर्षी मी रजेचा अर्ज देते तेव्हा त्या विचारतात, एवढं काय असतं हो त्यात? एका वाक्यात सांगण्यासारखं ते नाही, म्हणून आज बसून लिहिते आहे.

मी सहावीत होते. त्या वर्षी पावसानं दगा दिला, विहिरीनं तळ दाखवला, आणि माझे माय-बाप पहिल्यांदाच ऊस तोडायला गेले. दसरा झाल्यावर ज्वारी-हरभरा पेरला, बैलं आणि होता नव्हता तेवढा कडबा शेजारच्या शेतात काकांकडं लावून दिला आणि मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चढले. माझी शाळा बुडू नये म्हणून मला आत्याजवळ ठेवलं. ही बापाची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्यातच राहायची. दोन्ही गुडघे धरलेले, पण जिभेला कसलंही दुखणं नव्हतं.

ट्रॅक्टर सुटला तेव्हा मायनं मला जवळ घेतलं नाही की काही नाही. गाठोडं मांडीवर घट्ट धरून बसली होती. मला लय राग आला. पुढं कितीतरी दिवस मी त्या रागावरच जगले.

येळवस चार दिवसांवर आली आणि वर्गात दुसरा विषयच उरला नाही. कुणाच्या कोपीला किती मोठ्या पेंढ्या, कुणाच्या झाडाला झोका, कुणाकडं खीर. मी गप्प. त्या सांजेला काका घरी आले. काका म्हणजे बापाचा धाकटा भाऊ. आमच्या आणि त्यांच्या शेतात एकच बांध, आणि त्या बांधापायी दोघं भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. नांगराच्या एका तासाएवढ्या रुंदीच्या जमिनीसाठी! शेवटी गावातल्या चार माणसांनी बसून मधोमध एक दगड रोवून दिला, तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं. तर ते काका आले आणि म्हणाले की यंदा तुमच्याकडं गडीमाणूस नाही, कोप कोण घालणार, तुमचे पांडव आमच्याच कोपीत आणून ठेवू. चांगल्या मनानं म्हणाले. आत्यानंही मान हलवली.

मी मात्र आतून पेटले. मला एकाच गोष्टीची भीती होती. आमचं शेत गंगाखेडच्या डांबरी सडकेला लागून. येळवशीला ज्या शेतात कोप नाही ते शेत लांबूनच ओळखू येतं. येणारा-जाणारा बघेल आणि म्हणेल, ही माणसं गेली वाटतं गाव सोडून. एकदा असं म्हटलं गेलं की ते म्हटलेलं राहतं. माय-बाप उद्या परत येतील, पण कुठं परत येतील? मला आमचं घर गेलेल्यांत मोजलेलं नको होतं.

त्या रात्रीचं, खरं तर पहाटेचं स्वप्न मी आजही जसंच्या तसं सांगू शकते. गावच्या पारापाशी धुकं होतं आणि धुक्यात मुकादमाचा ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत ओळीनं आमचे पाचही पांडव बसलेले. दगडच होते, नाक नाही, डोळे नाहीत, अंगाला चुना. पण प्रत्येकाच्या खांद्यावर घोंगडी आणि मांडीवर कोयता. मला बघून त्यांतला थोरला मायच्या आवाजात म्हणाला, "आमची कोप घातली न्हाई, मंग आमी चाललो." मी ट्रॅक्टरमागं पळाले. आमच्या शेतापाशी ट्रॉलीला गचका बसला आणि शेवटचा, धाकटा पांडव खाली पडला. गडगडत बांधाकडं गेला. कुणी थांबलं नाही. मला जाग आली तर गोधडी पायात गुंडाळलेली.

आमच्या आत्याचा एक नियम होता. पहाटेचं वाईट स्वप्न माणसाला सांगायच्या आधी चुलीला सांगायचं, म्हणजे ते जळून जातं. मी उठले, राखेत फुंकर घातली आणि चुलीपुढं उकिडवी बसून सगळं सांगितलं. आत्या मागं जात्यापाशी बसली आहे हे मला ठाऊकच नव्हतं. माझं संपेपर्यंत तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की हे चुलीनं जळणारं स्वप्न नाही, हे निरोपाचं आहे. आणि लगेच, ज्वारी दळायची राहिली आहे, उठ.

झालं! आता काकांना नको म्हणून सांगायचं होतं, ते आत्यानं सांगितलं. काय सांगितलं देव जाणे, पण काका दोन दिवस आमच्या दारावरून मान खाली घालून गेले.

अमावस्येच्या आदल्या दिवशी मी शाळा सुटल्यावर शेतात गेले. आमचे पांडव वर्षभर बाभळीच्या बुडाशी असायचे. गवत बाजूला केलं, मोजले. चार. पुन्हा मोजले. चारच. म्हणजे स्वप्न खरं होतं आणि धाकटा पडला होता. पण मग कुठं पडला तेही स्वप्नानं दाखवलं होतं की. मी बांध धरून निघाले, एकेक ढेकूळ पायानं उलटं करत. आणि मधोमध, कुसळीच्या गवतात, मातीतून डोकं वर काढून बसलेला एक दगड मला सापडला. त्याला बघून मी रडलेच. किती खोल रुतला होता बिचारा! खुरप्यानं सगळ्या बाजूंनी उकरला, पोत्यावर लोटला आणि ओढत ओढत बाभळीखाली आणला. बाकीच्या चौघांपेक्षा तो चांगला दुप्पट निघाला. मी मनाला समजावलं की उसाच्या रानाकडं निघाला होता, फुगला असेल.

शहाणी पोरगी! गणिताला पैकीच्या पैकी मिळवणारी. बांधाचा दगड काय असतो, तो कशासाठी रोवलेला असतो, त्यावरून घरात वर्षभर काय झालं, सगळं मला माहीत होतं. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांना पांडवाशिवाय काही दिसतच नव्हतं.

कडबा काकांच्या गोठ्यात, आणि मागायची माझी तयारी नाही. म्हणून बांधाला पडलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या जमवल्या. पऱ्हाट्यांची कोप कुणी घालत नाही, त्या वाकड्यातिकड्या, एकीला सरळ करावं तर दुसरी आडवी येते. माझी कोप एका बाजूला कलली. तिच्यावर मायचं जुनं लुगडं गुंडाळलं तेव्हा ती जरा माणसांत आली. तोंड मात्र बरोबर उगवतीला होतं.

येळवशीच्या सकाळी आत्यानं अंबिलीचं बिंदगं भरलं. हे मडकं घरच्या कर्त्या पुरुषानं डोक्यावर न्यायचं असतं, अंगावर घोंगडी घेऊन, आणि शेत येईपर्यंत खाली ठेवायचं नाही. आत्यानं बापाची घोंगडी माझ्या डोक्यावर टाकली, वर चुंबळ, चुंबळीवर बिंदगं. घोंगडी जमिनीवर लोळत होती. वेशीपाशी दोन-तीन बायका हसल्या, एक म्हणाली की अगं बाई, घोंगडीच चालली बघ बिंदगं घेऊन. मला वळून उत्तर द्यायचं होतं, तोंडात आलंही होतं, पण मान हलवली असती तर अंबील सांडली असती. आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाचं ऐकून घेतलं ते त्या दिवशी. आत्या मागून काठी टेकत, डोक्यावर भज्जीचं पातेलं घेऊन, दर पन्नास पावलांना गुडघ्याला शिव्या देत येत होती.

पूजा झाली. पाची पांडव चुन्यानं पांढरे, कपाळी कुंकू. मी लिंबाचा डहाळा अंबिलीत बुडवून पिकाला शिंपत चारी बाजूंनी फिरले, "ओलगे, ओलगे" म्हणत. त्याचा अर्थ ना मला माहीत ना आत्याला, पण ओरडायला लय बरं वाटतं. मग आम्ही दोघी पानं मांडून बसलो. कुणीच आलं नाही. आजूबाजूच्या शेतांत माणसं, झोके, हसणं, आणि आमच्यात दोन माणसं नि पातेलंभर भज्जी. आत्या म्हणाली, जेव. मी म्हणाले, आधी कुणीतरी येऊ दे.

आणि मी सडकेवर जाऊन उभी राहिले. त्या दिवशी सडकेवर असतंच कोण? लांबून लाल एसटी येताना दिसली. मी दोन्ही हात वर करून तिच्यापुढं उभी. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, खिडकीतून डोकं काढून विचारलं, कुणाला लागलंय का, दवाखान्यात न्यायचंय का? मी म्हणाले, न्हाई, जेवायला चला. तो आधी वैतागला. मग त्यानं शेताकडं पाहिलं, ती लुगडं नेसलेली कललेली कोप पाहिली, कंडक्टरकडं पाहिलं, आणि गाडी सडकेच्या कडेला घेतली. ड्रायव्हर, कंडक्टर आणि पाच प्रवासी. सात पानं! आत्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एसटी आमच्या शेतापाशी थांबलेली बघून मग आजूबाजूच्या शेतांतले लोकही काय झालं म्हणून आले आणि आल्यासरशी त्यांनाही बसवलं.

तेवढ्यात बांधावरून काका आले. आम्हाला दोघींना त्यांच्या कोपीत जेवायला न्यायला आले होते. गर्दी पाहून त्यांना बरं वाटलेलं दिसलं, चपला काढून ते पाया पडायला कोपीपुढं वाकले. वाकले ते तसेच राहिले. त्यांनी त्या मोठ्या दगडाकडं पाहिलं, मग मागं वळून बांधाकडं पाहिलं. तिथं खड्डा होता. ते सरळ झाले आणि एकेक शब्द तोडून विचारलं, "ह्यो दगड कुणी उपटला?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बापाच्या माघारी बापाच्या पोरीनं बांध उपटला होता, आणि तोही चारचौघांनी रोवलेला. आता पुन्हा भांडण, पुन्हा अबोला, आणि गावात होणार ती चर्चा वेगळीच. घर राहावं म्हणून मी हे सगळं केलं आणि घरालाच सुरुंग लावला. मी म्हणाले, मी. जेवणारे हात थांबले. कंडक्टर तर घास हातात धरूनच बसला.

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. ती दोघा भावांची बहीण होती. हातात भज्जीची पळी तशीच. ती धाकट्या भावापुढं उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तुजा दगड हाय ना? उचल मंग. कुंकू लागलेल्या पांडवाला हात लावून दाव."

काकांनी दगडावरची नजर काढून मला विचारलं, हे कामून केलंस गं? मी स्वप्न सांगितलं. ट्रॉली, घोंगड्या, पडलेला धाकटा, सगळं, सात अनोळखी माणसांदेखत. कुणी हसलं नाही. काकांनी टोपी काढली, दगडापुढं डोकं टेकवलं, आणि पंगतीत शेवटच्या पानावर जाऊन बसले. अंबील मागून घेतली. दोनदा घेतली.

दिवस मावळताना कडब्याच्या पेंढीचा हेंडगा पेटवतात आणि तो घेऊन शेताच्या कडेनं पळतात. तेही कर्त्याचंच काम. आमच्याकडं पेंढी नव्हती. काकांनी आपल्या शेतातून एक आणली, पेटवली, आणि मला वाटलं आता तेच पळणार. त्यांनी ती माझ्या हातात दिली. "धर. तुजं शेत हाय," एवढंच म्हणाले. मी पळाले. हरभऱ्याच्या कडेनं, ज्वारीच्या कडेनं, सडकेच्या कडेनं, बांधाच्या त्या खड्ड्यावरून उडी मारून. सडकेवरून कुणी बघत असेल तर त्याला दिसावं म्हणून हात जितका वर नेता येईल तितका नेला होता. तसा अभिमान मला पुढं नोकरीच्या पहिल्या दिवशीही वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्यात काकांनी सीताफळाचं झाड लावलं. आता बांध तिथून मोजायचा, म्हणाले. आज त्याची सीताफळं दोन्ही घरं खातात, आणि येळवशीला काकांची सगळी माणसं आमच्या कोपीत असतात. त्यांचा पांडव आमच्याकडं आहे ना!

माय-बाप गुढीपाडव्याच्या सुमाराला आले. शेत सडकेलाच, म्हणून माय ट्रॅक्टर तिथंच थांबवून उतरली, घरी जायच्या आधी. मी आणि आत्या हरभऱ्याच्या काढलेल्या रानात होतो. माय वाळली होती, हातांना उसाच्या पात्यांचे कापे. पहिलं काय केलं असेल तर बाभळीखाली बसून गाठोडं सोडलं. धडुतं, ताटली, आणि त्यांच्यामधून तिनं काढला नारळाएवढा एक दगड. अंगावर चुना होता, कपाळावर कुंकवाचा डाग.

आमचा पाचवा पांडव. जाताना तिनंच नेला होता. गाठोडं मांडीवर का धरून बसली होती ते मला तेव्हा कळलं. ट्रॉलीत पांडव खरंच बसला होता, पडला मात्र नव्हता. तिनं तो गाठोड्यात टाकताना मी झोपेत पाहिलं होतं का, की आणखी काही, हे मला आजवर उलगडलेलं नाही. त्या वेळी मी भडकले. मला सांगता येत नव्हतं का? मी सगळा बांध पालथा घातला! माय म्हणाली, सांगितलं असतं तर तू नेऊ दिला असतास का?

पुढचं बापानं सांगितलं. कारखान्यावर उसाच्या वाळल्या पाचटाच्या कोपीत ते राहायचे. येळवशीच्या दिवशी मायनं कोपीच्या तोंडाशी तो एकटा दगड मांडला. बाकीच्या बायका विचारायला लागल्या, एकच पांडव? बाकीचे कुठं गेले? बापाला वाटलं, आता ही रडते. आमच्याकडून ना चिठ्ठी गेली होती ना निरोप. बाप स्वतः धरून चालला होता की यंदा शेत तसंच राहिलं. पण मायनं हातातला चुना पुसला आणि सगळ्यांना सांगितलं, "बाकीचे चार माज्या लेकीपाशी हायत. कोप घातली आसंल तिनं."

माय तोवर बाभळीच्या बुडाशी गेली होती. चौघांशेजारचा तो धिप्पाड पाहुणा तिनं निरखून पाहिला, बांधावरच्या सीताफळाच्या रोपाकडं पाहिलं, आणि काही न विचारता हसायला लागली, इतकी की तिला खाली बसावं लागलं. मग आपला धाकटा तिनं ओळीत नेऊन ठेवला, पदरानं पुसला, आणि मला म्हणाली, मोज.

सहा, मी म्हणाले.

बराबर हाय, माय म्हणाली.